पुस्तक मिटल्यावर

जुलैच्या एका संध्याकाळी माझ्या भाचीने विज्ञानाचे पुस्तक माझ्यासमोर ठेवले, तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात रंग न लागलेली ओळ शोधावी लागत होती. पिवळ्या, गुलाबी आणि पोपटी शाईने तिने व्याख्या, सूत्रे, शास्त्रज्ञांची नावे, इतकेच नव्हे तर आकृत्यांखालच्या ओळीही रंगवल्या होत्या. ती नववीपासून शिक्षणासाठी आमच्याकडे, शनिवार पेठेत, राहत होती. दहावीची पहिली घटक चाचणी चार दिवसांवर आली होती आणि हा धडा तिने, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘चारदा केला’ होता. मी पुस्तक मिटले आणि तिला विचारले की, एकाच वस्तूचे वजन विषुववृत्तावर कमी आणि ध्रुवावर जास्त का भरते. ती बराच वेळ खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत राहिली. सूत्राचा आरंभ तिला आठवला, पुढचे काही केल्या आठवेना. शेवटी डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, “आत्या, वाचताना सगळं येत होतं गं.”

हे वाक्य मी माझ्या नोकरीच्या ३१ वर्षांत अक्षरशः दरवर्षी ऐकले आहे. पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवत असे, आणि उत्तरपत्रिका हातात पडल्यावर रडवेली झालेली मुले हेच सांगत असत. ती खोटे बोलत नसत, हे मला तेव्हाही कळत होते. मात्र त्यांना मी जो सल्ला देत असे तो चुकीचा होता, हे कळायला मला निवृत्त व्हावे लागले. मी सांगत असे, “पुन्हा वाच. नीट लक्ष देऊन वाच.” काही वेळा मी न आलेले उत्तर पुस्तकात पाहून दहा वेळा लिहून आणायला लावत असे. मुले निमूटपणे लिहून आणत आणि पुढच्या परीक्षेत पुन्हा तिथेच अडत. त्यांच्या वाट्याला आलेल्या त्या निष्फळ तासांचे मला आजही वाईट वाटते, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे मूल रोज स्कूटरवर वडिलांच्या मागे बसून नारायण पेठेतून शाळेला जाते. वाटेतली प्रत्येक इमारत, प्रत्येक देऊळ, प्रत्येक वळण त्याच्या ओळखीचे असते. मात्र पुढे एकदा त्याच्या हाती सायकल देऊन एकट्याने जायला सांगितले, तर दुसऱ्याच बोळाशी त्याचा गोंधळ उडतो, कारण इतके दिवस रस्ता निवडण्याचे काम त्याने केलेलेच नसते. चौथ्यांदा वाचलेल्या धड्याचे असेच होते. प्रत्येक ओळ परिचयाची वाटते, डोळे भराभर पुढे सरकतात, आणि हा वेग म्हणजेच आपल्याला ‘येत आहे’ अशी मनाची समजूत होते. परीक्षेच्या दालनात ओळखण्यासाठी समोर काहीही नसते. तिथे वळण स्वतःच घ्यायचे असते आणि ते घेण्याचा सराव तर एकदाही झालेला नसतो.

यात मला सर्वांत अधिक खेद याचा वाटतो की, आपल्या घरांतून हा सराव होत असे आणि आपणच तो सोडून दिला. माझ्या लहानपणी दिवेलागणीला परवचा असे. शुभंकरोति झाले की आजोबा भिंतीला टेकून बसत आणि आम्हा भावंडांना पाढे म्हणायला लावत. बे ते तीसच्या पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेही असत. पाटी नाही, पुस्तक नाही, समोर फक्त समईचा उजेड. सलग पाढा बिनचूक झाला तरी आजोबांचे समाधान होत नसे. ते मधूनच कुठूनही विचारत, “सतरा साते?” आणि उत्तर येते न येते तोच, “आणि एकोणीस चोक?” सलग म्हणताना चालीवर तरून गेलेले मूल इथे अडखळत असे. अडखळले की आजोबा रागावत नसत; तेवढेच सांगत आणि पुढे जात, आणि उद्याच्या परवचात नेमके तेच पुन्हा विचारत. हे ते कुठल्या शास्त्राच्या आधाराने करत नव्हते, त्यांच्या वडिलांनी तसे केले होते म्हणून करत होते. मात्र आज मी वाचते त्या संशोधनात उत्तम अभ्यासाची म्हणून जी लक्षणे सांगितली आहेत, ती जवळजवळ सगळी त्या अर्ध्या तासात होती.

वेदपाठशाळांतील घनपाठाचा विचार मनात आला की असेच वाटते. संहितेचे पाठांतर झाल्यावर विद्यार्थी प्रत्येक पद सुटे करून म्हणतो, मग दोन-दोन पदांच्या जोड्या लावतो, मग त्या उलट-सुलट गुंफतो, आणि घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे अशा क्रमाने पुढे जातो. चालीच्या भरात एकही अक्षर निसटू नये यासाठीच ही सारी रचना आहे. अर्थात विज्ञानाचा धडा असा पाठ करून भागणार नाही, तिथे अर्थ कळायलाच हवा. परंतु स्मरण हे सोप्या वाटेने पक्के होत नाही, त्याच्यासमोर मुद्दाम अडथळे मांडावे लागतात, ही जाण त्या परंपरेत आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा मला याच संदर्भात नेहमी आठवतो. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहणारा तो मुलगा पहाटे सायकलवरून वर्तमानपत्रे टाकत असे आणि शाळेनंतर एका दुकानात काम करत असे. त्याच्याकडे गाईड नव्हते, क्लास नव्हता, आणि एक धडा तीनदा वाचण्याइतका वेळ तर नव्हताच. तरीही त्याची उत्तरे स्वच्छ, मुद्द्याला धरून आणि स्वतःच्या भाषेत असत. एकदा मी त्याला कुतूहलाने विचारले, तेव्हा तो म्हणाला, “बाई, पेपर टाकताना काल शिकवलेलं मनातल्या मनात म्हणत जातो. जिथं अडतं ते लक्षात ठेवतो आणि घरी गेल्यावर तेवढंच पुस्तकात बघतो.” मी त्याचे कौतुक केले, त्याच्या कष्टांविषयी वर्गासमोर दोन शब्द बोलले, आणि त्याने सांगितलेली गोष्ट तिथेच विसरून गेले. कष्टांमुळे त्याला यश मिळते आहे, असे मी धरून चालले. अभ्यासाची योग्य रीत त्याला परिस्थितीने शिकवली होती आणि ती त्याने एका वाक्यात माझ्या हातात ठेवली होती, हे मला दिसले नाही. ते दिसले असते, तर त्यानंतरच्या कितीतरी वर्षांच्या मुलांना मी वेगळे काही सांगितले असते.

निवृत्तीनंतर मी या विषयावरचे वाचायला घेतले, आणि ही गोष्ट किती जुनी आहे हे पाहून चकित झाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरसमूह पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजायचे, असे त्यांचे काम होते. तासाभरानंतर निम्म्याहूनही कमी श्रम वाचत, दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश, आणि महिन्यानंतर एक पंचमांश. म्हणजे विसरण्याचा सर्वांत मोठा घाव पहिल्या काही तासांतच बसतो. नंतरची घसरण संथ असते. पुढे १९१७ मध्ये अमेरिकेत आर्थर गेट्स यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवले की, वाचनाच्या मानाने पुस्तक न पाहता म्हणण्यात अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांच्या अधिक लक्षात राहते. आमच्या माजघरात तेव्हा परवचा चालू असेल, हे मनात येऊन मला फार बरे वाटले.

या साऱ्यात २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी एक लहान उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांवर आले होते आणि लिहून काढणाऱ्यांचे ६१ टक्के होते. आठवड्यानंतर आपल्या किती लक्षात राहील असे आधी विचारले असता, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच स्वतःविषयी अधिक खात्री वाटत होती, हेही या प्रयोगात नोंदवले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून सकाळी पेपर लिहिणाऱ्या मुलाला आपली पद्धत यशस्वी का वाटते, आणि सहामाहीला चांगले गुण मिळालेल्या मुलाला फेब्रुवारीत तोच धडा कोरा का दिसतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या आकड्यांत आहे. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या, तेव्हा स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणे या दोनच पद्धतींना त्यांनी सर्वाधिक उपयुक्त ठरवले. ओळी रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे या पद्धती त्यांच्या यादीत कमी उपयुक्त ठरल्या.

त्या जुलैच्या संध्याकाळी मी भाचीला एवढे सगळे सांगितले नाही. चाचणी झाल्यावरच्या रविवारी मी तिला रद्दीतले पाठकोरे कागद काढून दिले आणि म्हटले की, धडा एकदाच वाच, पण समजून घेत वाच, मग पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून ये आणि जे आठवेल ते या कागदावर लिही. क्रम चुकला तरी चालेल, अर्धी वाक्ये चालतील, आकृती चालेल. लिहिणे संपल्यावर पुस्तक आणून, राहिलेले आणि चुकलेले लाल शाईने त्याच कागदावर भरायचे. पहिला कागद जवळजवळ सगळा लाल झाला. तो मी तिला जपून ठेवायला सांगितला. तीन दिवसांनी तिने त्याच धड्याचा दुसरा कागद लिहिला, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून तिने स्वतःच पाहिले की लाल शाई कुठे आटली आहे आणि कुठे अजून तशीच आहे. तिच्या अभ्यासाची दिशा त्यानंतर ती लाल शाई ठरवू लागली.

न पाहता लिहिता आले म्हणजे समजले, असे मात्र मी मानत नाही. म्हणून प्रत्येक धड्यासाठी तिने तीन-चार ‘का’ आणि ‘कसे’ प्रश्न स्वतः तयार करावेत आणि त्यांची उत्तरे स्वयंपाकघरात माझ्याशी बोलताना द्यावीत, असे आम्ही ठरवले. वजनाचा प्रश्न तिने अशाच एका संध्याकाळी पुन्हा हाती घेतला. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, तिची त्रिज्या विषुववृत्तापाशी सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी सुमारे ६,३५७ किलोमीटर भरते, म्हणून विषुववृत्तावरच्या माणसापेक्षा ध्रुवावरचा माणूस केंद्राच्या सुमारे २१ किलोमीटरने अधिक जवळ असतो, हे तिने सांगितले. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचाही त्यात वाटा आहे आणि त्यामुळे गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढण्याचा दर, विषुववृत्तावर सुमारे ९.७८ तर ध्रुवावर सुमारे ९.८३ मीटर प्रति वर्ग सेकंद होते, इथपर्यंत ती न अडखळता आली. मग मी विचारले की, मंडईतल्या भाजीवाल्याने आपला दोन पारड्यांचा तराजू घेऊन ध्रुवावर दुकान मांडले, तर किलोभर बटाट्यांत फरक पडेल का? ती कणीक मळता मळता थांबली. बराच वेळ विचार करून म्हणाली की, पडणार नाही, कारण बटाटे आणि वजने दोन्ही तितक्याच प्रमाणात जड होतील. फरक दिसेल तो स्प्रिंगच्या काट्यावर. वस्तुमान आणि वजन यांतील भेद तिला त्या क्षणी खऱ्या अर्थाने कळला, असे मला वाटते. त्यानंतर तो तिला कधी पाठ करावा लागला नाही.

सनावळ्या, व्याख्या, मूलद्रव्यांच्या संज्ञा, संस्कृतची रूपे यांच्यासाठी आम्ही पत्ते केले. घरात साठलेल्या जुन्या लग्नपत्रिका कापून एका बाजूच्या कोऱ्या जागेवर प्रश्न आणि मागच्या बाजूला कागद चिकटवून उत्तर, असे शेकडो पत्ते दिवाळीपर्यंत जमले. ते बुटांच्या एका खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करून ठेवले. ही कल्पना जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली होती. नवा पत्ता पहिल्या कप्प्यात जातो आणि तो कप्पा रोज पाहायचा. उत्तर बरोबर आले की पत्ता दुसऱ्या कप्प्यात जातो, आणि पुढच्या प्रत्येक कप्प्याची पाळी अधिकाधिक दिवसांनी येते. आम्ही तीन दिवस, एक आठवडा, एक पंधरवडा आणि एक महिना असे अंतर ठेवले होते. उत्तर चुकले तर पत्ता कितव्याही कप्प्यातला असो, तो पहिल्या कप्प्यात परत येतो. विसरण्याच्या बेतात आलेली गोष्ट ओढून वर आणण्यात जे थोडे कष्ट पडतात, तेच तिला घट्ट करतात. ताजी असतानाच ती दहादा म्हणण्यात तेवढा लाभ नसतो. आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत तयार प्रश्नसंच आणि तयार उत्तरे हवी तेवढी मिळतात, आणि मुलांच्या सोयीसाठीच ती काढलेली असतात, याविषयी मला शंका नाही. परंतु धड्यातून प्रश्न कोणता निघतो हे ठरवताना मुलाला जो विचार करावा लागतो, तो त्या तयार पुस्तकाने आधीच करून टाकलेला असतो. म्हणून पत्ते तिने स्वतःच्या हाताने लिहावेत याविषयी मी आग्रही राहिले.

गणितात अडचण निराळी होती. सरावसंचातली उदाहरणे तिला पटापट सुटत आणि परीक्षेत मात्र सुरुवात कुठून करावी हेच सुचत नसे. याचे कारण उघड आहे. ‘अवयव पद्धतीने सोडवा’ असे शीर्षक असलेल्या संचात पद्धत कोणती हा प्रश्न उरतच नाही. पहिले उदाहरण सुटले की उरलेली त्याच साच्यातून निघतात. परीक्षेत साचा निवडण्याचेच काम अवघड असते. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये नेमके हेच तपासले. घनाकृतींचे घनफळ काढण्याची उदाहरणे एका गटाला प्रकारवार आणि दुसऱ्या गटाला सरमिसळ करून दिली. सराव करताना प्रकारवार गटाची ८९ टक्के उदाहरणे बरोबर आली आणि सरमिसळ गटाची ६० टक्केच. आठवड्याने परीक्षा घेतल्यावर मात्र प्रकारवार गटाला २० टक्के आणि सरमिसळ गटाला ६३ टक्के गुण मिळाले. आम्ही समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती, महत्त्वमापन, वर्गसमीकरणे, श्रेढी अशा सगळ्या प्रकरणांतली उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून एका स्टीलच्या डब्यात घातली. ती रोज पाच चिठ्ठ्या काढत असे आणि सोडवण्याआधी एका ओळीत लिहीत असे की, इथे कोणती पद्धत लागेल आणि ती का. आजोबांचे ‘सतरा साते’ मला त्या डब्याच्या आवाजात ऐकू येई.

ही रीत सुखाची नाही, हे मी आवर्जून सांगेन. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने आमच्या घरात फार जड गेले. नदीकाठाकडून संध्याकाळी ढोल-ताशांच्या सरावाचा आवाज येई, मैत्रिणी एका दिवसात दोन धडे ‘संपवल्याचे’ सांगत, आणि ही मुलगी त्याच एका धड्याच्या लाल झालेल्या कागदाकडे पाहत बसे. आपल्याला काहीच येत नाही, ही जाणीव तिला दर संध्याकाळी नव्याने होत होती. एके रात्री माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो काळजीने म्हणाला, “ताई, पूर्वी तिला सगळं येतं असं ती सांगायची, आता रोज काय येत नाही तेच सांगते. आपण हे बरोबर करतो आहोत ना?” त्याला मी एवढेच सांगितले की, तिला काय येत नाही हे पूर्वी तिला आणि आपल्याला ठाऊक नव्हते, आता ठाऊक आहे आणि बोर्डाच्या परीक्षेला अजून सहा महिने आहेत. फोन ठेवल्यावर मीही बराच वेळ जागी होते. मुलांना या काळात धीर देणे हे मोठ्यांचे काम आहे, आणि ते फार जपून करावे लागते. लाल शाई पाहून आपला चेहरा उतरला, तर मूल पुन्हा रंगीत पेनांकडे वळते, कारण तिथे निदान अपयश डोळ्यांना दिसत नाही.

वेळापत्रकाविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे थोडेच आहे. सलग तीन तासांची बैठक आम्ही कधी मारली नाही. पाऊण तास झाला की उठायचे, गच्चीत जाऊन यायचे, पाणी प्यायचे. मोबाइल अभ्यासाच्या वेळी माझ्या कपाटात असे. तो उपडा करून शेजारी ठेवणे पुरत नाही, तो दुसऱ्याच खोलीत हवा. झोपेच्या बाबतीत मात्र मी कोणतीही तडजोड केली नाही. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते, आणि दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करत असतो. पहाटे सहाचा क्लास आणि रात्री साडेअकरापर्यंत गृहपाठ, असा दिनक्रम मी आमच्या इमारतीतल्याच दोन मुलांचा पाहते आहे, आणि तो पाहताना मला फार अस्वस्थ वाटते. त्यांच्या जागण्याला घरात कष्टाळूपणा म्हणून गौरवले जाते, आणि शाळेच्या पहिल्या तासाला जड झालेल्या त्यांच्या डोळ्यांकडे कोणी पाहत नाही.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांवरून जाताना मी हल्ली थोडी थांबते. स्पर्धा परीक्षांसाठी गावोगावांहून आलेली मुले-मुली तिथे एकेका टेबलाशी तासन्‌तास बसलेली असतात. त्यांच्या चिकाटीपुढे माझी मान लवते. त्यांतली काही मधूनच पुस्तक मिटून, डोळे मिटून ओठ हलवताना दिसतात, आणि मग पान उलटून पुन्हा तपासून घेतात. अशा वेळी मला पर्वतीच्या पायथ्याच्या त्या मुलाची सायकल आठवते. बाकीच्यांच्या पुस्तकांतून रंगीत पेने सावकाश फिरत असतात, आणि कोणीतरी त्यांना हे दहावीतच सांगायला हवे होते, असे मनात आल्याशिवाय राहत नाही. ते कोणीतरी म्हणजे माझ्यासारख्या शिक्षिकाच होत्या.

जानेवारीच्या सराव परीक्षेच्या सुमारास भाचीने कोऱ्या कागदाला घाबरणे सोडले होते. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका ती घड्याळ लावून, ४० गुणांना दोन तास या हिशेबाने लिहीत असे आणि मग स्वतःच लाल पेन घेऊन तपासायला बसत असे. फेब्रुवारीत एकदा पाचव्या कप्प्यातल्या एका पत्त्याचे उत्तर तिला आले नाही, तेव्हा तिने काही न बोलता तो उचलून पहिल्या कप्प्यात ठेवला आणि पुढचा पत्ता काढला. जुलैतली मुलगी अशा वेळी रडली असती. मी दारातून हे पाहत होते आणि तिला कळू न देता आत गेले.

मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर ती गावी परतली. जाताना तिने बुटांचे खोके खालच्या मजल्यावरच्या मुलाला द्यायला सांगितले. तो जूनपासून दहावीत जाणार होता. मी ते त्याला नेऊन दिले. त्याआधी पाचही कप्प्यांतले तिचे सगळे पत्ते काढून घेतले, ते दोऱ्याने बांधून माझ्या कपाटात ठेवले, आणि खोक्यात जुन्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा, कात्री आणि एक लाल पेन ठेवले. झाकण उघडून तो थोडा हिरमुसला आणि म्हणाला, “आजी, यात तर काहीच लिहिलेलं नाही.” मी त्याच्याजवळ बसले आणि त्याला विज्ञानाच्या पुस्तकातला पहिला धडा काढायला सांगितला.